डायरीतले ‘१० किलो’ : सरळ रॉड, ट्रायसेप्स आणि एक दुखावलेलं कोपर

पार्श्वभूमी

ही हकिकत ४१ वर्षांच्या एका गृहस्थांची. मी त्यांची प्रशिक्षक. ओळख पटू नये म्हणून त्यांचे व्यक्तिगत तपशील बदलले आहेत. वजनं, सेट (न थांबता केलेली एक फेरी) आणि आठवड्यांचा क्रम मात्र माझ्या वहीत आहे तसाच ठेवला आहे, कारण सगळा गुंता त्या आकड्यांतच होता.

त्यांचं काम दिवसभर संगणकासमोर बसून. व्यायाम सुरू केला तेव्हा पुशअपसुद्धा गुडघे टेकून काढत होते. पुढच्या आठ महिन्यांत त्यांनी एकही आठवडा बुडवला नाही. बेंच प्रेस (बाकावर झोपून छातीवरून वजन वर ढकलणं) ६० किलोवर ८ रेप्सपर्यंत, म्हणजे सलग आठ वेळांपर्यंत आला, दंड भरायला लागले आणि त्यांना ट्रायसेप्सची, म्हणजे दंडाच्या मागच्या स्नायूची गोडी लागली. त्यात वावगं काहीच नाही. दंडाचा निम्म्याहून जास्त भाग ट्रायसेप्सचाच असतो. दंड भरदार दिसावा म्हणून बायसेप्सच्या मागे लागणाऱ्यांना हे मी नेहमी सांगते, त्यांनाही मीच सांगितलं होतं.

आठवड्यातले चार दिवस ते यायचे. सोमवार आणि गुरुवार हे ढकलायच्या व्यायामांचे दिवस. सोमवारी बेंच प्रेसचे ४ सेट, इनक्लाइन प्रेसचे ३, झोपून करायच्या ट्रायसेप्स एक्स्टेन्शनचे ४ (जिममध्ये सगळे ज्याला स्कल क्रशर म्हणतात तो : दंड स्थिर ठेवून फक्त कोपर वाकवत बार डोक्याकडे न्यायचा आणि परत हात सरळ करायचा), शेवटी केबलवर पुशडाऊनचे ३. गुरुवारी शोल्डर प्रेसचे ४, डिप्सचे (दोन समांतर दांड्यांवर हातांनी अंग खाली-वर करणं) ३, क्लोज ग्रिप, म्हणजे हात जवळ धरून केलेल्या बेंच प्रेसचे ३ आणि डोक्यामागून करायच्या एक्स्टेन्शनचे ३. कागदावर हा कार्यक्रम नीटनेटका दिसायचा. मीच लिहून दिला होता.

दुखणं सुरू झालं

उजव्या कोपराच्या टोकाशी दुखायला लागलं. टेबलावर कोपर टेकवल्यावर जे हाड टोचतं, त्याच्या बोटभर वर. ट्रायसेप्सची तिन्ही डोकी, म्हणजे तीन भाग, एकत्र येऊन त्यांची जाड कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) तिथेच हाडाला चिकटते. त्यांनी मला सांगितलं ते असं : “सुरुवातीला ठणकतं मॅडम, पण वॉर्म-अप झालं की जातं.”

‘वॉर्म-अप झालं की जातं’ हे वाक्य ऐकून मी तेव्हा निश्चिंत झाले. आज तेच वाक्य कानावर पडलं की मी वही उघडते. कंडरा कुरकुरायला लागली की ती नेमकी अशीच वागते. सुरुवातीला दुखते, गरम झाली की गप्प बसते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हिशेब मागते. खुर्चीच्या हातांवर भार देऊन उठताना त्यांना सकाळी कळ येत होती. ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

मी दोन गोष्टी केल्या. कोपराला स्लीव्ह, म्हणजे घट्ट बाही घालायला सांगितलं. आणि एक्स्टेन्शन करताना त्यांची कोपरं बाहेर फाकत होती म्हणून दर सेटला आवाज द्यायला लागले, “कोपरं आत! कोपरं आत!” ते आज्ञाधारक आहेत. दात-ओठ खाऊन कोपरं आत धरायचे. असे तीन आठवडे गेले.

त्यानंतरच्या सोमवारी एक्स्टेन्शनच्या तिसऱ्या सेटमध्ये नवव्या रेपला रॉड अर्ध्यावर अडकला. मी पलीकडच्या बाकावर होते. सपोर्टला त्यांचा व्यायामातला सोबती उभा होता, पण डोक्याशी उभं राहायचं सोडून उजव्या कुशीला. उजवं कोपर ढिलं पडलं तसा रॉड तिकडे कलला. सोबत्याने घाईने जवळचं, म्हणजे उजवंच टोक वर ओढलं, त्यामुळे डावं टोक खाली आलं. त्या बाजूला कॉलर (प्लेट घसरू नये म्हणून लावायची पकड) लावलेली नव्हती. ५ किलोची प्लेट निसटून जमिनीवर आदळली, रॉडने उसळी घेतली आणि तो त्यांच्या कपाळाला चाटून बाकाच्या गादीवर पडला. भुवईच्या वर एक लाल रेघ उठली, बाकी काही झालं नाही. त्यांनी उठून बसत पहिलं वाक्य म्हटलं, “शेवटचा रेप राहिला.”

त्या दिवशी व्यायाम तिथेच थांबवला.

कारण शोधताना

आधी त्यांची डायरी घेतली. गेल्या पाच आठवड्यांत एक्स्टेन्शनच्या रकान्यात एकच आकडा होता, ‘१० किलो’. वजन वाढवलेलंच नाही, मग तीन आठवड्यांपूर्वी अचानक काय बिघडलं, हे कळेना. मग त्यांनाच विचारलं, १० किलो म्हणजे नेमकं काय. ते म्हणाले, “दोन्हीकडे पाच-पाचच्या प्लेटा.”

“आणि बार?”

“बार धरून नाही लिहीत मॅडम.”

पुढचा प्रश्न सुचायला मला क्षणभर लागला : कुठला बार? आधी ते ईझेड बार वापरायचे, तो नागमोडी वाकवलेला. एके दिवशी तो दुसऱ्या कुणाच्या हातात होता म्हणून त्यांनी सरळ रॉड घेतला. कुणीतरी म्हणालं, खरी ताकद सरळ रॉडवरच कळते. तेव्हापासून सरळ रॉडच चालू. आम्ही दोन्ही बार वजनकाट्यावर ठेवले. ईझेड बार ८ किलोचा निघाला आणि लांब सरळ रॉड २० किलोचा. म्हणजे डायरीत ‘१० किलो’ तसेच राहिले आणि हातातलं वजन १८ वरून ३० किलोवर गेलं. एका दिवसात दोन तृतीयांश वाढ. ती त्यांना जाणवली नाही असं नाही. सरळ रॉड ‘जरा अवघड’ असतो, असं ते समजत होते.

१२ किलो हा फरक बेंच प्रेसमध्ये फार वाटणार नाही. या व्यायामात तो प्रचंड आहे आणि का, ते ढोबळ हिशेबाने कळतं. झोपून केलेल्या एक्स्टेन्शनमध्ये अग्रबाहू (कोपरापासून मनगटापर्यंतचा हात) जमिनीला समांतर येतो तेव्हा वजन कोपरापासून जवळजवळ ३३ सेंटिमीटर लांब असतं. त्याला पेलणारी ट्रायसेप्सची कंडरा सांध्याच्या मध्यापासून जेमतेम सव्वादोन सेंटिमीटरवर ओढत असते. म्हणजे हातातलं वजन कंडरेच्या वाट्याला साधारण १५ पटीने येतं. १८ किलोचा बार दोन हातांत वाटला तर एका हाताला ९ किलो, कंडरेवर १३५ किलोच्या आसपास. ३० किलोचा रॉड असेल तर एका हाताला १५ आणि कंडरेवर सव्वादोनशे. स्नायू काही आठवड्यांत असा भार उचलायला शिकतो. कंडरेला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. आठ महिन्यांत स्नायू पुढे निघून गेले होते आणि कंडरा मागून धावत होती.

दुसरी गोष्ट फोनने दाखवली. आठवड्याभराने दुखणं जरा उतरल्यावर मी त्यांना फक्त रिकामा सरळ रॉड दिला आणि डोक्याच्या बाजूने चित्रण केलं. समोरून किंवा कुशीने बघताना जे तीन आठवडे दिसलं नव्हतं, ते तिथून पहिल्याच रेपला दिसलं. हात एकमेकांपासून वीतभर अंतरावर, मोजून २० सेंटिमीटर. त्यांचे खांदे हाडापासून हाडापर्यंत ४० सेंटिमीटर रुंद. एवढ्या अरुंद पकडीत मनगटं आतल्या बाजूला मुडपली होती. रॉड तळव्याच्या टाचेवर बसण्याऐवजी बोटांच्या मुळाशी गेला होता, अंगठा रॉडच्या वरून. आणि खाली जाताना कोपरं बाहेर जायला बघत होती, ती ते जबरदस्तीने आत ओढत होते.

माणसाचा हात सरळ सोडला तर दंड आणि अग्रबाहू एका रेषेत नसतात, कोपरापाशी थोडा बाहेरचा कोन असतो. प्रत्येकाचा वेगळा. मोकळा हात वाकवताना मनगट आपल्या सोयीने थोडंसं फिरतं आणि हा कोन सामावून घेतं. सरळ रॉड ते फिरणं बंद करतो. दोन्ही तळवे एका ताठ रेषेत जखडले जातात, मग कुठेतरी सूट लागते, आणि ती कोपरं बाहेर जाऊन घेतात. मी ती सूटही काढून घेतली होती. वरून मनगट बांधलेलं, खालून कोपर बांधलेलं, मग कंडरेने जायचं कुठे? ‘कोपरं आत’ ही सूचना मुळात चुकीची नाही. ती दंड हलू नये यासाठी असते, कोपरं बरगड्यांना समांतर शिवून टाकण्यासाठी नव्हे. हा फरक मी त्यांना सांगितला नव्हता, आणि खरं सांगायचं तर माझ्याही डोक्यात तो इतका स्वच्छ नव्हता.

तिसरी गोष्ट मोजणीची. कोपर वजनाखाली सरळ होतं असा प्रत्येक सेट मी मोजला. फक्त ट्रायसेप्सचे म्हणून लिहिलेले १० सेट होते. पण प्रेस आणि डिप्समध्येही कोपर सरळ होतंच, ते १७. आठवड्याला २७ सेट, तेही दोनच दिवसांत. कार्यक्रम लिहिताना मी १० च मोजले होते.

आणखी एक बारीकसारीक वाटणारी सवय. सेट सुरू करताना ते बाकावर झोपून, हात डोक्यामागे टाकून, जमिनीवरचा रॉड ओढून वर आणायचे. म्हणजे पहिला रेप निघायचा तो खांदा पूर्ण वर, कोपर पूर्ण दुमडलेलं आणि कंडरा कमाल ताणलेली असताना, थंड अवस्थेत, झटक्याने.

समोर असलेले पर्याय

पूर्ण विश्रांती हा पहिला. तीन-चार आठवडे हात लावायचा नाही. दुखणं थांबलं असतं, यात शंका नाही. पण कंडरा विश्रांतीने शांत होते, मजबूत होत नाही. महिन्याभराने परत त्याच वजनाला गेलं की तीच कळ. शिवाय आठ महिन्यांची त्यांची सवय मोडायची मला भीती होती, आणि ती भीती निर्णयात धरायला हवी असं मला वाटतं.

स्लीव्ह आणि वेदनाशामक गोळी घेऊन चालू ठेवणं हा दुसरा. त्यांचा कल इकडे होता. हा मी तिथल्या तिथे बाजूला ठेवला. गोळीने कळ दबते आणि आमच्याकडे भार मोजायला तेवढी एकच सुई होती.

तिसरा, फक्त हत्यार बदलायचं. सरळ रॉड सोडून ईझेड बार किंवा डंबेल. सोपं आणि निम्मं बरोबर. पण २७ सेटचा प्रश्न तसाच राहिला असता.

चौथा, काही आठवडे एक्स्टेन्शन बंद ठेवून क्लोज ग्रिप बेंच प्रेस मुख्य करायचा. प्रेसमध्ये बार जवळजवळ कोपराच्या वरच राहतो, त्यामुळे ते ३३ सेंटिमीटरचं अंतर कमी होतं आणि भार खांदा-छातीशी वाटला जातो. कंडरेला काम मिळतं, पण बेताचं.

पाचवा पर्याय खरं तर सगळ्यांच्या आधी यायला हवा होता : आधी डॉक्टर. मी धोक्याच्या खुणा तपासल्या. ‘टक्’ असा आवाज होऊन अचानक दुखलं का, सूज किंवा काळंनिळं झालं का, हात वर धरून कोपर स्वतःच्या ताकदीने सरळ करता येतं का, रात्री झोपेतून जाग येते का, कोपर मध्येच अडकतं का. सगळ्याची उत्तरं ठीक होती, म्हणून डॉक्टरांकडे लगेच न पाठवता वाट पाहायचं मी ठरवलं. त्या यादीत एक प्रश्न राहून गेला. तो पुढे येईल.

शेवटी तिसरा आणि चौथा एकत्र केले, सेट निम्म्यावर आणले आणि दुखण्याचा एक नियम ठरवला. ० ते १० मध्ये व्यायाम करताना ३ च्या वर जायचं नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खुर्चीतून उठताना आदल्या सकाळपेक्षा जास्त दुखता कामा नये. जास्त दुखलं तर पुढच्या वेळी मागे यायचं, त्यात वाद नाही.

काय केलं

पहिले दोन आठवडे. एक्स्टेन्शनचे दोन्ही प्रकार आणि डिप्स बंद. बेंच आणि शोल्डर प्रेस कमी वजनावर, नेहमीच्या रुंद पकडीने. केबलवर दोरी धरून कोपर काटकोनात स्थिर ठेवायचं, ४० सेकंद, ५ वेळा, मध्ये दोन मिनिटं थांबून. आठवड्याचे एकूण सेट २७ वरून १४. हे त्यांना फार कंटाळवाणं गेलं. “मॅडम, मी उभा राहून काय करतोय?” असं त्यांनी दोनदा विचारलं. दहाव्या दिवशी सकाळचं दुखणं ५ वरून ३ वर आलं आणि प्रश्न थांबले.

तिसऱ्या आठवड्यात मुंग्या. क्लोज ग्रिपला सुरुवात करताना ते सहज बोलून गेले की करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट अधूनमधून बधिर होतं. ही त्या यादीतून सुटलेली गोष्ट. कोपराच्या आतल्या बाजूला हाडाच्या खोबणीतून अल्नर नर्व्ह ही नस जाते. तिथे आपटलं की झिणझिण्या येतात ती हीच. करंगळी बधिर होणं म्हणजे कंडरेच्या पलीकडे काहीतरी चाललंय. इथे मी माझं अनुमान बाजूला ठेवलं आणि त्यांना हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तपासणीत कंडरा हाडाला चिकटते त्या जागी चिडचिड आहे, फाटलेली नाही, असं निघालं. मुंग्यांचं कारण वेगळं होतं. माउस धरताना उजवं कोपर खुर्चीच्या कडक हातावर तासन्‌तास टेकलेलं असायचं. खुर्चीचा हात खाली केला, त्यावर गादी बसवली आणि दोन आठवड्यांत बोटं पूर्ववत झाली. त्यांनी डॉक्टरांना इंजेक्शनबद्दलही विचारलं होतं. कंडरेपाशी स्टिरॉइडचं इंजेक्शन तिला कमकुवत करू शकतं, म्हणून डॉक्टरांनी ते टाळलं.

तिसरा ते सहावा आठवडा, क्लोज ग्रिप बेंच प्रेस. रिकाम्या २० किलोच्या रॉडपासून. नाव क्लोज असलं तरी हात खांद्याएवढे रुंद. रॉडवर ४० सेंटिमीटर अंतरावर दोन चिकटपट्ट्या लावल्या आणि तर्जनी त्यावर. याहून आत गेलं तर ट्रायसेप्सला फारसं जास्त काही मिळत नाही, मनगटावर मात्र ताण येतो. अंगठा रॉडभोवती पूर्ण गुंडाळलेला. रॉड तळव्याच्या टाचेवर, म्हणजे अग्रबाहूच्या हाडांच्या बरोबर वर. समोरून बघताना मनगट आणि कोपर एका उभ्या रेषेत दिसलं पाहिजे. कोपरं अंगाला चिकटवायची नाहीत, थोडी सुटी. रॉड छातीच्या खालच्या भागाशी, तीन सेकंद घेऊन खाली, क्षणभर स्पर्श, मग वर. १२ रेप्स, आणखी दोन-तीन निघतील इतकी ताकद शिल्लक असताना थांबायचं. शेवटचा रेप राहिला तर राहू दे, हे त्यांना पचायला वेळ लागला.

हे सगळं रॅकमध्ये, दोन्ही बाजूंच्या आडव्या दांड्या लावून. त्या दांड्यांची उंची ठरवण्यात आम्ही एक अख्खं सत्र घालवलं, आणि ते वाया गेलं असं मला वाटत नाही. छाती फुगवून, खांद्याची पाती मागे ओढून झोपलं की रॉड छातीला टेकला पाहिजे आणि दांड्यांना लागता कामा नये. हवा सोडून छाती खाली घेतली की रॉड दांड्यांवर बसला पाहिजे, गळ्यावर नाही. रिकाम्या रॉडने त्यांनी मुद्दाम तीनदा ‘हरून’ पाहिलं. तिसऱ्यांदा त्यांचा चेहरा सैल झाला. त्यांना नवव्या रेपची भीती बसली होती, हे मला तेव्हा कळलं.

सातवा ते दहावा आठवडा, एक्स्टेन्शन परत. ईझेड बार, तोही रिकामा, ८ किलो, १५ रेप्सचे दोन सेट. फरक इथे सविस्तर सांगते, कारण हा व्यायाम सर्वांत जास्त चुकतो.

बाकाच्या टोकाला बसून बार मांड्यांवर, कमरेजवळ. पकडून मागे झोपताना बार छातीवर. तिथून प्रेस करून वर. आता दंड सरळ उभे ठेवायचे नाहीत, डोक्याकडे थोडे कलते, १५ अंशांच्या आसपास. दंड अगदी उभे असले तर हात सरळ झाल्यावर सगळं वजन हाडांवर उभं राहतं, ट्रायसेप्सला सुट्टी मिळते, आणि खाली येताना बार थेट कपाळावर येतो. कलते ठेवले की वरही ताण टिकतो आणि बार डोक्याच्या पलीकडे उतरतो. उतरताना तीन सेकंद, तळाशी उसळी नाही. कोपरं आपल्या सोयीने थोडी बाहेर जातील, जाऊ द्यायची. दंड पुढे-मागे झुलायला लागला तर तिथे सेट संपला. संपल्यावर बार छातीवर, मग कमरेशी, मग उठून बसायचं. दोन्ही कॉलर लावल्याशिवाय मांडीवर बार घ्यायचा नाही.

सोबत्यालाही शिकवलं. सपोर्टला डोक्याशी उभं राहायचं, दोन्ही तळवे बाराखाली, मधल्या भागात, आणि उचलायचं ते दोन्ही हातांनी एकाच वेळी. एका टोकाला धरलेला बार म्हणजे तराजू.

अकरावा ते चौदावा आठवडा. एका वेळी एकच वाढ. आधी रेप्स, मग अडीच किलो. डोक्यामागचं एक्स्टेन्शन मी कायमचं काढून टाकणार होते, ते काढलं नाही. ट्रायसेप्सचं लांब डोकं खांद्याच्या पात्यापासून निघतं, त्यामुळे हात वर असला की ते जास्त ताणलं जातं. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १२ आठवडे एक हात डोक्यावर आणि दुसरा अंगाशी ठेवून केबलवर तोच व्यायाम करून घेतला. डोक्यावरच्या हाताचा ट्रायसेप्स सुमारे २० टक्के वाढला, दुसऱ्याचा सुमारे १४. इतकं उपयोगी काम टाकून द्यावंसं वाटेना. म्हणून रॉडऐवजी केबलवर, दोरीने, हलकं, आठवड्यातून दोन सेट ठेवलं. दोरीवर मनगट मोकळं फिरतं.

निष्पत्ती

चौदाव्या आठवड्याच्या शेवटी खुर्चीतून उठताना दुखणं बहुतेक सकाळी ०, प्रेसच्या दिवसानंतर कधी १. क्लोज ग्रिप बेंच प्रेस ५० किलोवर ८ रेप्स, न दुखता. ईझेड बारावरचं एक्स्टेन्शन बारासह १८ किलोवर १२ रेप्स. म्हणजे सरळ रॉड हातात घेण्याआधी ते जिथे होते तिथेच, चौदा आठवड्यांनी. हे सांगताना मला वाईट वाटलं होतं, त्यांना वाटलं नाही. “तेव्हाचे १८ आणि आताचे १८ वेगळे आहेत मॅडम,” असं ते म्हणाले, आणि चित्रण शेजारी ठेवून पाहिलं तर ते खरं होतं.

आठवड्याचे सेट आता १९ आहेत आणि ते दोनऐवजी तीन दिवसांत विभागले आहेत.

नेमक्या कुठल्या बदलाने गुण आला हे या प्रकरणावरून सांगता येत नाही. वजन उतरवलं, पकड रुंद केली, बार बदलला, सेट कमी केले आणि खुर्चीही बदलली. माझा कौल वजन आणि सेट यांना आहे, पकडीचा नंबर त्यानंतर. दुसरा प्रशिक्षक उलटा क्रम लावेल आणि त्याला चूक म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही.

आज पुन्हा केलं तर

पहिल्यांदा दुखल्याचं कळलं त्याच दिवशी डायरी बघेन आणि बार काट्यावर ठेवेन. पाच मिनिटांचं काम होतं. ईझेड बार एका बनावटीचा ७ किलोचा असतो, दुसऱ्याचा १० चा. सरळ रॉडही सगळे २० चे नसतात. त्यावर लिहिलेलं असेलच असं नाही. आता माझ्याकडच्या प्रत्येक बाराच्या टोकाला त्याचं वजन रंगाने लिहिलं आहे आणि डायरीत आकडा बारासह लिहायचा, असा सगळ्यांना नियम आहे.

कोपरं बाहेर जाताना दिसली की ओरडण्याआधी, ती का जाताहेत हे विचारेन. पकड अरुंद आहे का? वजन जास्त आहे का? की या माणसाचा हातच तसा आहे? पहिल्या दोन्हींची उत्तरं ‘नाही’ असतील तर कोपरं तशीच राहू देईन.

स्लीव्ह द्यायला हरकत नव्हती, ऊब मिळते. पण स्लीव्ह दिल्यावर मी विषय संपला असं धरलं, हा माझ्या सगळ्या निर्णयांतला सर्वांत महाग निर्णय ठरला. त्या तीन आठवड्यांत दर सोमवारी ४०-४५, म्हणजे एकूण १२० हून जास्त रेप्स नक्की झाले, प्रत्येक ३० किलोचा.

मुंग्या आणि बधिरपणाचा प्रश्न पहिल्या दिवशीच विचारेन, बोटांची नावं घेऊन. ‘काही बधिर वाटतं का’ असं विचारलं की लोक नाही म्हणतात. ‘करंगळीला मुंग्या येतात का’ म्हटलं की आठवतं. डॉक्टरांकडे तीन आठवडे आधी पाठवता आलं असतं. या वेळी उशीर निभावला, पण नस दुखावलेली असती तर निभावला नसता.

सेट निम्म्यावर आणण्याचा निर्णय मात्र मी तसाच घेईन, आणि व्यायाम पूर्ण बंद न करण्याचाही.

सरळ रॉडवर एक्स्टेन्शन परत करायचं का, हा त्यांचा प्रश्न अजून बाकी आहे. मी नाही म्हटलेलं नाही. आमच्याकडे एक आखूड सरळ रॉड आहे, काट्यावर १० किलो भरला. पुढच्या महिन्यात तो घेणार आहोत, रिकामा, खांद्याएवढी पकड, १५ रेप्सचे दोन सेट, मी डोक्याशी उभी राहून. दुसऱ्या दिवशी सकाळी खुर्चीतून उठल्यावर ते मला एक आकडा पाठवतील.